आई ऑफिसला गेलीय

१

माझं ऑफिस आमच्याच घरात, मागच्या खोलीत आहे. पण तिथे जायला मला आधी घराबाहेर पडावं लागतं. हसू नका. सकाळी मी इस्त्रीचे कपडे घालते, केस बांधते, बूट चढवते, पर्स खांद्याला लावते आणि दारात उभी राहून ओरडते, "येते गं!" मग जिना उतरायचा, इमारतीला वळसा घालायचा, औषधांच्या दुकानावरून, बंद पडलेल्या लॉन्ड्रीवरून, मागच्या गल्लीतल्या कचऱ्याच्या डब्यांवरून, आणि पुन्हा जिना चढून वर. आता बेल वाजवायची नाही. किल्लीने दार उघडून गुपचूप आत शिरायचं. मी कोणाकडे बघायचं नाही, माझ्याकडे कोणी बघायचं नाही. सरळ मागच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचं. झाले मी कामावर हजर.

ही अक्कल माझी नव्हे. कंपनीने सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं तेव्हा आम्हाला वळण लावायला म्हणून एक गृहस्थ स्क्रीनवर यायचे. मागे पांढरी भिंत, टेबलावर एक झाड, चेहऱ्यावर इस्त्री केल्यासारखं हसू. आम्ही त्यांचं नाव शिस्तवाले ठेवलं होतं. शिस्तवाले म्हणाले, "घर आणि ऑफिस यांच्यामध्ये रस्ता पाहिजे. नसेल तर रोज चालून तयार करा. आणि घरच्यांना सांगून ठेवा, दार लागलं की तुम्ही घरात नाही."

तेव्हा मी तोंड दाबून हसले होते. पण माझी त्या दिवसांत अशी दैना उडाली होती की कोणी डोक्यावर उभी राहून काम कर म्हणालं असतं तरी केलं असतं. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, एका कानात गिऱ्हाईक, दुसऱ्या कानात सासूबाई. "तू घरीच आहेस तर जरा गॅस बघ." "तू घरीच आहेस तर खाली पार्सल आलंय." नवराही तेच, फक्त फोनवरून. "तू घरीच आहेस तर प्लंबरला बोलाव ना." आणि हाताला लोंबकळणारी आमची चिमणी. चिमणी म्हणजे माझी लेक, वय वर्षं सहा. तिला आई समोर दिसते आणि तरी मिळत नाही, हे काही केल्या कळायचं नाही. रडून रडून तिचा गळा बसायचा, आणि तिला गप्प करता करता माझा.

म्हणून मी रस्ता तयार केला. आणि काय सांगू, आठवड्याभरात घराला वळण लागलं! सगळ्यात आधी सासूबाईंना. शेजारीण आली की त्या दारातूनच मोठ्यांदा सांगायच्या, "ती ऑफिसला गेलीय." एकदा नेमकी मी तेव्हाच आत शिंकले. शेजारीण म्हणाली, "अहो, मग आत कोण शिंकलं?" सासूबाई ठाम. "कोणी नाही. भास झाला तुम्हाला."

चिमणीने तर नियम माझ्याहून मनावर घेतला. मी सकाळी किल्लीने आत आले आणि ती वाटेत असली की भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. डोळे घट्ट मिटलेले. मी जवळून जाताना हळूच म्हणायची, "मी नाही बघितलं तुला." मला हसू यायचं, पण मी तशीच पुढे जायचे.

संध्याकाळी सगळं उलट. चोरपावलांनी बाहेर पडायचं, तोच वळसा, तोच जिना, पण या वेळी बेल. बेल वाजली की आतून अनवाणी पावलं धडाधडा यायची. "आई आली! आई आली!" दार उघडायच्या आत ती कमरेला मिठी मारायला तयार असायची. दिवसभर एका भिंतीच्या पलीकडे बसलेली बाई मी, पण त्या क्षणी खरंच लांबून आल्यासारखं वाटायचं. खरं सांगते, तिच्या त्या धावत येण्यासाठी मी अख्खा दिवस ढकलायचे. बाकी कशाचं एवढं काही नव्हतं.

२

आमची कंपनी आजारी आणि म्हाताऱ्या माणसांच्या घरी त्यांना सांभाळायला बायका पाठवते. कोणाला अंघोळ घालायची असते, कोणाला भरवायचं असतं, कोणाजवळ नुसतं बसायचं असतं. बायका म्हणजे माणसंच. आजारी पडतात, गावाला जातात, कधी न सांगता येत नाहीत. तिथे माझं काम सुरू होतं. जिचा खाडा झाला तिच्या जागी बदली पाठवायची. सकाळपासून फोन, आणि फोन ठेवला की दुसरा फोन. जागा रिकामी राहिली तर तिथे एखादा म्हातारा ओल्या गादीवर पडून राहतो, म्हणून जागा रिकामी ठेवायची नाही.

मधे तापाची साथ आली. आमच्या निम्म्या बायका अंथरुणाला खिळल्या आणि माझ्या नाकीनऊ आले. त्यातलीच एक संध्याकाळ. घरी जायची वेळ उलटून गेली होती, घरी म्हणजे दाराबाहेर, आणि माझ्याकडे अजून तीन घरं बिनबाईची होती. कानाला हेडफोन. त्यातूनही बेल ऐकू आली. मग पावलं. मग चिमणीचा आवाज, "आई आली! आई आली!"

मला वाटलं, नवरा आला असेल. पोरीला बेलची सवय, ओरडली असेल. मी पुढचा नंबर लावला.

काम संपलं तेव्हा अंगात वळसा घालायचं त्राण उरलं नव्हतं. पहिल्यांदाच नियम मोडला. बूट हातात घेऊन तशीच मागच्या खोलीतून बाहेर आले. चिमणी जेवून, केस विंचरून, वेणी घालून चित्रं रंगवत बसली होती. नवरा कोचावर पाय पसरून बसला होता.

"झालं का राहिलेलं?" त्याने विचारलं.

"कुठलं राहिलेलं?"

"आल्यावर परत आत गेलीस ना. मला वाटलं काहीतरी अर्धवट राहिलंय."

मी काही बोलायच्या आत सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अगं, चहा ठेवलास आणि गेलीस कुठे? निवला बघ. हल्ली लक्ष नसतं तुझं."

ओट्यावर माझा कप होता. चहा कोमट होता. मी घोट घेतला. बिनसाखरेचा. आमच्या घरात बिनसाखरेचा चहा मी एकटीच पिते.

मी स्वतःला समजावलं. सासूबाईंना माझा चहा ठाऊक आहे. त्यांनी ठेवला आणि विसरल्या. त्यांचं वय झालंय. नवऱ्याचं म्हणाल तर तो मोबाइलमध्ये डोकं घातलं की समोरून हत्ती गेला तरी बघणार नाही. चिमणीची वेणी आजीने घातली असणार. सगळं नीट बसत होतं. मी चहा संपवला, कप विसळला आणि झोपायला गेले.

३

साथ लांबली. मग साथ गेली, पण उशीर काही गेला नाही. तुम्ही व्यवस्थित काम केलंत की लोक तुम्हाला आणखी काम देतात. मोठ्या मॅडम, म्हणजे आमच्या वरिष्ठ, सगळ्यांसमोर म्हणाल्या, "यांच्याकडे बघा. घरून काम करतात, पण कधी कुत्र्याचं भुंकणं नाही, पोराचं रडणं नाही." मला बरं वाटलं. त्याबरोबर त्यांनी शहराचा आणखी एक भाग माझ्या गळ्यात मारला.

संध्याकाळी आत बसूनच बेल ऐकायची मला सवय झाली. बाहेर येईपर्यंत घर आवरलेलं असायचं. कपडे घडी घातलेले, बाह्या आत दुमडून, जशी मी घालते. चिमणीची नखं कापलेली. दप्तर भरलेलं. मी विचार करायचे, आपणच केलं असेल. सकाळी, दुपारी, कधीतरी. माणूस दमला की हातांनी केलेलं डोक्याला कळत नाही. मी एकदा गॅस बंद केला की नाही हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत आलेली बाई आहे, माझ्या आठवणीवर मीच कशाला भरवसा ठेवू?

एकदा चिमणीला झोपवताना ती म्हणाली, "मघाशीच्या गोष्टीचं पुढचं सांग."

"कुठली गं गोष्ट?"

"ज्या घराचा जिना रुसून निघून जातो ती."

असली गोष्ट मला ठाऊक नव्हती. म्हटलं, "कुठवर आलो होतो आपण?"

"तू असं विचारत नाहीस कधी," ती म्हणाली. "तुला माहीत असतं."

मग मी जमेल तशी गोष्ट रचली. जिना बाजारात गेला, जिना थकला, जिना परत आला. ती शहाण्यासारखी ऐकत राहिली. पाहुण्यांनी आणलेलं खेळणं आवडलं नाही तरी पोरं जशी थँक यू म्हणतात, तसा तिचा चेहरा होता. मग तिने कूस बदलली.

त्याच सुमारास नवरा एकदा म्हणाला, "तुला एक सांगू? रागावू नकोस. तू ऑफिसातून येतेस ना, तेव्हा इतकी छान असतेस. हसतेस, बोलतेस. आणि मग काय होतं कोण जाणे, कधी उठून त्या खोलीत जातेस आणि चेहरा पाडून बाहेर येतेस. नको जात जाऊस परत."

मी त्याच्याकडे बघत राहिले. "मी कधी हसले?"

"आजच की. चिमणीने नाक रंगवलं होतं तेव्हा."

मला राग आला. आपण मर मर मरायचं आणि वर यांनी आपल्या हसण्याचा हिशेब सांगायचा! पण रागाच्या खाली काहीतरी गार होतं, आणि ते काय आहे हे मला बघायचं नव्हतं. मी ताईला फोन लावला. माझी थोरली बहीण, दुसऱ्या गावात असते. म्हटलं, "ताई, मला विसरायला होतंय गं. भीती वाटते."

"चल, काहीतरीच," ताई म्हणाली. "परवा संध्याकाळी किती बोललीस! लहानपणीचं एकेक काढलंस. मला आठवत नव्हतं ते तुला आठवत होतं. हसून हसून माझं पोट दुखलं."

माझा मोबाइल दिवसभर माझ्याजवळ, मागच्या खोलीत असतो. मी तो उघडून बघितला. ताईचा फोन नव्हता.

"तुझा लागेना म्हणून तुझ्या सासूबाईंच्या फोनवर केला होता," ताई म्हणाली. "काय गं, बरं नाही का तुला?"

"बरी आहे," मी म्हटलं. "जरा दमलेय."

४

दुसऱ्या दिवशी मी वेळेवर काम थांबवलं. मोबाइलचा आवाज बारीक केला, हेडफोन काढून ठेवले आणि खुर्ची दारापाशी ओढून बसले. म्हटलं, एकदाचं काय ते ऐकू. सासूबाई कोणाला तरी आत घेत असतील. शेजारीण येत असेल. पोरीने लाडाने तिलाच आई म्हणायला सुरुवात केली असेल. पोरं काहीही खेळ काढतात.

घरात शांतता होती. फ्रिजचा आवाज, सासूबाईंची खोकल्याची उबळ, चिमणीच्या रंगांचा डबा. खिडकीतून येणारं ऊन भिंतीवर सरकत वर गेलं होतं. मग जिन्यावर पावलं वाजली.

आमच्या जिन्यावर कोण चढतंय ते मला आवाजावरून कळतं. नवरा दोन दोन पायऱ्या घेतो. वरच्या मजल्यावरचा मास्तर प्रत्येक वळणावर थांबतो. ही पावलं टाचेच्या बुटांची होती, जरा दमलेली, उजवा पाय किंचित घासत येणारी. मी खाली माझ्या पायांकडे बघितलं. बूट माझ्याच पायांत होते.

बेल वाजली. पावलं धडाधडा धावली. "आई आली!"

"अगं हो, हो! पडशील! दारात तरी येऊ दे मला."

तो माझा आवाज होता. मी स्वतःचा आवाज दिवसभर हेडफोनमध्ये ऐकते, माझी चूक होणार नाही. फक्त तो दमलेला नव्हता. चिमणी जन्मली त्या वर्षी मी असं बोलायचे. पुढे तो आवाज कुठे गेला ते मला कळलंच नव्हतं.

सासूबाई काहीतरी म्हणाल्या. आवाजाने उत्तर दिलं आणि सासूबाई हसल्या. सासूबाईंना मी हसवू शकते हे मला ठाऊक नव्हतं. पाणी पडल्याचा आवाज आला, भांडं ओट्यावर ठेवल्याचा आला. कोणीतरी गुणगुणत होतं. आणि चिमणी एकसारखी बोलत होती. दिवसभरातलं सगळं, कोणी ढकललं, कोणी रंग दिला, कोणाचा दात पडला. मला ती कधी एवढं सांगत नाही. मला सांगायला लागली की मी मधेच "हं" म्हणते, आणि तिला ते "हं" बरोबर ओळखू येतं.

मी उठले. कडीवर हात ठेवला. लोखंड गार होतं. मनात म्हटलं, उघड. उघड आणि बघ. तुझं घर आहे.

मागे टेबलावर मोबाइल थरथरला. मी वळून बघितलं. एका म्हाताऱ्या बाईंचा मुलगा होता, त्यांच्याकडे सकाळी मी बदली पाठवली होती. न उचलून चालण्यासारखं नव्हतं.

"मॅडम, आज जी बाई पाठवलीत ना, तीच कायम ठेवा," तो म्हणाला. "आईला तर कळलंसुद्धा नाही वेगळी आहे ते. जेवली पोटभर. आधीच्या बाईंना तुम्ही दुसरीकडे द्या कुठेतरी."

"बघते," मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर मी पुन्हा कडीपाशी गेले नाही. टेबलाशी बसले. बाहेर जेवणाची ताटं मांडल्याचा आवाज येत होता आणि मी आत ऐकत बसले होते. भीती होती, होतीच. पण सगळ्यात वाईट म्हणजे मला हायसं वाटलं. आज भरवायचं नव्हतं, आवरायचं नव्हतं, हसायचं नव्हतं. ते सगळं कोणीतरी करत होतं, आणि बरं करत होतं. मी डोकं टेबलावर टेकलं आणि मला तिथेच डोळा लागला.

जाग आल्यावर बाहेर आले तेव्हा ती नव्हती. मी बाहेर आले की ती कधीच नसायची. नवरा म्हणाला, "आलीस परत चेहरा पाडून?"

५

सकाळी आरशात बघून मी ठरवलं, गेलं खड्ड्यात ते ऑफिस. वळसा नाही, बूट नाही, मागची खोली नाही. लॅपटॉप उचलला आणि पुन्हा जेवणाच्या टेबलावर मांडला. सासूबाईंनी एकदा बघितलं, दोनदा बघितलं आणि म्हणाल्या, "तू घरीच आहेस तर जरा..."

त्या संध्याकाळी बेल वाजली नाही. मला एवढा आनंद झाला की मी सासूबाईंच्या गळ्यात पडायची बाकी होते. चिमणी मात्र दाराकडे बघत बसली होती. मी म्हटलं, "ये ना गं माझ्याकडे." ती आली. माझा एक हात तिच्या पाठीवर होता, दुसरा कीबोर्डवर.

पण ते फार दिवस चाललं नाही. एका दुपारी चिमणीने दूध सांडलं, त्याच वेळी दारात माणूस, त्याच वेळी फोन. पुसता पुसता मी एका घरी बदली पाठवायला विसरले. तिथे एक आजोबा होते, पलंगावरून उठता न येणारे. दुपारपासून एकटे पडून राहिले. संध्याकाळी शेजाऱ्यांना भिंतीवर ठोकल्याचा आवाज आला, तेव्हा कळलं. पाणी मागत होते.

मोठ्या मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुम्ही तर आमच्याकडच्या सगळ्यात व्यवस्थित," त्या म्हणाल्या. "घरात काही झालंय का?"

"नाही," मी म्हटलं. "उद्यापासून नीट होईल."

मी पुन्हा बूट चढवले. पण ठरवून टाकलं की काही झालं तरी संध्याकाळी वेळेवर उठायचं. जगबुडी आली तरी उठायचं. आणि उठले. अर्धं वाक्य लिहिलेलं तसंच सोडून उठले, चोरपावलांनी बाहेर पडले, वळसा जवळजवळ धावतच घातला. औषधवाला म्हणाला, "काय ताई, आज घाई?" जिना चढताना छाती भरून आली. बेलवर बोट ठेवलं.

पावलं धडाधडा आली. दार उघडलं. "आई आ..."

चिमणी थांबली. तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मग माझ्या बाजूने वाकून जिन्याकडे बघितलं, खालपर्यंत. मग पुन्हा माझ्याकडे.

"आज तूच आलीस?" ती म्हणाली.

"मग कोण येणार?"

 जवळ येऊन तिने मला मिठी मारली, पण शाळेत बाईंनी सांगितल्यावर मारतात तशी. मग माझी पर्स उचलून जागेवर ठेवली. जेवताना तिच्या हातून पेला कलंडला. मी तोंड उघडायच्या आत ती उठली, फडकं आणलं, पुसलं, पिळलं आणि परत येऊन बसली. माझ्याकडे न बघता. मी काही बोलणारच नव्हते. मी तसं तिला सांगितलंसुद्धा.

"हो," ती म्हणाली. "माहीत आहे."

त्या रात्री तिने गोष्ट मागितली नाही.

६

मग मी एकच गोष्ट ठरवली. ती बाई घरात असताना दार उघडायचं. काय असेल ते असो. समोरासमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, बाई, हे घर माझं आहे आणि ही पोर माझी आहे. दिवसभर मी फोन घेतले, बदल्या पाठवल्या, आणि मनातल्या मनात तेवढं एक वाक्य घोकत राहिले.

वेळ झाली. हेडफोन काढले. कडीवर हात ठेवून उभी राहिले आणि जिन्यावरच्या पावलांची वाट बघू लागले.

त्याआधी दुसरंच ऐकू आलं. दाराच्या पलीकडे, खाली, जमिनीलगत कोणीतरी बसलं. फ्रॉक दाराला घासला.

"आई," चिमणी कुजबुजली. "तू आहेस ना आत?"

नियम केल्यापासून ती पहिल्यांदाच या दाराशी बोलत होती.  मी खाली बसले, दाराला गाल लावला. "आहे गं बाळा. आहे मी."

"मला माहीत होतं. तू ऑफिसला जात नाहीस. इथेच असतेस."

"हो गं. इथेच असते."

 ती नखाने दाराचा रंग खरवडत होती, ते ऐकू येत होतं.

"आज बाहेर नको येऊस हं," ती म्हणाली.

"का गं?"

"तू आलीस की ती जाते."

 जे वाक्य दिवसभर घोकलं होतं ते तिला सांगण्यासारखं नव्हतं. शेवटी मी विचारलं, "तुला भीती नाही वाटत तिची?"

"नाही." मग जरा थांबून म्हणाली, "पहिल्यांदा वाटली होती. पण ती माझं सगळं ऐकते."

"मी ऐकते ना, चिमणे. मी आता ऐकीन. मी हे काम..."

"तू दमतेस," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मीच सासूबाईंना औषध देताना असं बोलते. "तू बस आत. तुला कोणी त्रास नाही देणार. मी बघते."

जिन्यावर पावलं वाजू लागली. उजवा पाय किंचित घासत.

फ्रॉक पुन्हा दाराला घासला. बेल वाजली आणि अनवाणी पावलं माझ्यापासून लांब धावत गेली. "आई आली! आई आली!"

मी उठले. हात माझा नव्हताच जणू, पण त्याने कडी काढली आणि दार बोटभर उघडलं. फटीतून बोळ दिसत होता, बोळाच्या टोकाला बाहेरचं दार आणि त्याच्या अलीकडे ती. पाठमोरी. आत येऊन, दाराकडे वळून, गुडघ्यांवर बसून तिने दाराला टेकलेल्या चिमणीला कुशीत घेतलं होतं. आज सकाळी मी घातले तेच कपडे. मी बांधते तसेच केस, फक्त एकही बट सुटलेली नाही. बुटांचे तळवे माझ्याकडे होते, आणि ते कोरे होते, रस्त्यावरून कधी चाललेच नसावेत असे.

दाराची बिजागरी करकरली असावी. मला ऐकू आली नाही, तिला आली. तिचं डोकं हळूहळू माझ्या बाजूला वळू लागलं. आधी कान दिसला, मग गालाची कड. 

चिमणीने दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला आणि स्वतःकडे वळवून घेतला. "इकडे बघ ना," ती म्हणाली. "मी तुला सांगतेय."

"बघते गं राणी," माझा आवाज म्हणाला.

मग तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवून चिमणीने माझ्याकडे बघितलं. सरळ, डोळे उघडे ठेवून. रडत नव्हती, घाबरली नव्हती. तिने मान हलवली. नाही.

मी दार लावून घेतलं. आवाज होऊ नये म्हणून कडी बोटांनी धरून हळू सरकवली.

बाहेर नवरा आल्याचं कळलं, दोन दोन पायऱ्या घेत. कोणीतरी दिवे लावले, दाराखालच्या फटीत उजेड आला. सासूबाईंनी आतून हाक मारून विचारलं, "आली का गं सगळी घरी?"

"हो आजी," चिमणी म्हणाली. "सगळी आली."

मग बाहेरच्या दाराला कडी लागली.